भीष्माचे घर, प्रल्हादाचे घर

शाळेच्या वार्षिक अंकात चित्रपटांविषयी लिहावयाचे, तेही तेलुगू चित्रपटांविषयी. आणि लिहिणारा कोण, तर सावलीसारख्या तालुक्याच्या गावी राहणारा एक मराठी गृहस्थ! हे पाहून काही वडीलधाऱ्या वाचकांच्या कपाळाला आठ्या पडतील आणि काही विद्यार्थी गालातल्या गालात हसतील, याची मला कल्पना आहे. चित्रपट पाहणे म्हणजे वेळेचा अपव्यय, असे मानणारी एक पिढी आमच्याही घरी होती. परंतु ज्या गोष्टीपुढे सारे घर आठवड्यातून एकदा तरी तीन तास एकत्र बसते, हसते, डोळे टिपते आणि नंतर जेवताना जिच्यावर हिरिरीने वाद घालते, ती गोष्ट विचार करण्याजोगी नाही, असे कसे म्हणावे? पुस्तकांविषयी आपण मते बनवितो. मग आपल्या मनावर ज्यांचा ठसा पुस्तकांइतकाच खोल उमटतो, त्या पडद्यावरील कथांविषयी का बनवू नयेत? मी समीक्षक नव्हे. मला तेलुगू भाषाही येत नाही. पुढील मते एका साध्या प्रेक्षकाची आहेत, एवढे ध्यानात ठेवून वाचकांनी ती वाचावीत म्हणजे झाले.

आमच्या गावाचा आणि मराठीचा संबंध जुना आहे. १७३२ साली डाकोर येथे पिलाजीराव गायकवाडांची हत्या झाली आणि त्यांच्या देहाला अग्नी देण्यात आला तो सावलीत. गायकवाडांच्या मागोमाग जी मराठी कुटुंबे बडोदे प्रांतात आली, ती येथलीच होऊन राहिली. घरात मराठी, बाजारात गुजराती आणि दूरदर्शनच्या पडद्यावर हिंदी, असा आमचा त्रिवेणी संगम आहे. त्या हिंदीच्या प्रवाहातूनच तेलुगू चित्रपट आमच्या दिवाणखान्यात शिरले. हिंदी आवाज चढविलेले दाक्षिणात्य चित्रपट गेली कित्येक वर्षे निरनिराळ्या वाहिन्यांवर लागत असतात. त्यांत मारामारीचे चित्रपट पुष्कळ. परंतु त्या गर्दीत एखादा कौटुंबिक चित्रपट अवचित सापडतो आणि हातातले काम बाजूला ठेवून माणसे खाली बसतात. आता तर मूळ तेलुगू आवाज ऐकत, पडद्याखालची अक्षरे वाचत चित्रपट पाहण्याची सोय मोबाइल फोनवरही झाली आहे. मला हा दुसरा मार्ग अधिक आवडतो, आणि त्याला एक कारण आहे.

ते कारण नात्यांच्या नावांत दडलेले आहे. तेलुगूत ‘मामा’ म्हणजे आईचा भाऊ, आणि सासराही ‘मामा’च. ‘अत्ता’ म्हणजे वडिलांची बहीण, आणि सासूही ‘अत्ता’च. हे ऐकताच मराठी कान टवकारतात! आपल्याकडील जुन्या वळणाच्या सुना सासऱ्यांना ‘मामंजी’ म्हणत, सासूला ‘आत्याबाई’ म्हणत. काही घरांत अजूनही म्हणतात. मामाच्या मुलीशी लग्न लावण्याची चाल दोन्हीकडे होती, तिचीच ही भाषेत राहिलेली खूण. आमच्या शेजारच्या गुजराती काकी एकदा आमच्याबरोबर असा चित्रपट पाहत होत्या. नायक मामाच्या मुलीची थट्टामस्करी करू लागला, तशा त्या दचकल्या. “मामाची मुलगी म्हणजे बहीणच की!” असे त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या रीतीप्रमाणे ते बरोबरच होते. आम्हांला मात्र त्यात नवल वाटले नाही. हिंदी आवाज चढविताना हे सारे ‘मामा’ आणि ‘अत्ता’ पुष्कळदा ‘पापाजी’ आणि ‘माँजी’ होऊन जातात, आणि दोन शेजारी भाषांमधील हा जुना घरोबा प्रेक्षकाच्या दृष्टीआड होतो. १९५६ पर्यंत हैदराबाद संस्थानाच्या मुलखात मराठी, तेलुगू आणि कन्नड बोलणारी माणसे एकाच राज्यात नांदत होती, हे विद्यार्थ्यांनी इतिहासात वाचले असेलच. तो शेजार राज्यपुनर्रचनेनंतरही नात्यांच्या नावांत शिल्लक आहे.

दुसरे साम्य संक्रांतीचे. आपल्याकडे त्या दिवशी सारे आकाश पतंगांनी भरून जाते. गुजराती घरांत उंधियूचा घमघमाट सुटतो आणि मराठी घरांत तिळगूळ वाटला जातो, हळदीकुंकू होते. आंध्र आणि तेलंगण येथे त्याच सणाला गावी गेलेली माणसे घरी परततात आणि सारे कुटुंब मिळून चित्रपटगृहाची वाट धरते. म्हणूनच अनेक तेलुगू कौटुंबिक चित्रपट नेमके संक्रांतीच्या सुमारास प्रदर्शित होतात. घर एकत्र आले असताना घराचीच कथा पाहावयाची, ही कल्पना मोठी गोड आहे. परंतु गोडीतही कधी कधी खडा लागतो. तो खडा कोणता, ते सांगण्यासाठीच हा लेखप्रपंच आहे.

कौटुंबिक चित्रपट म्हणजे काय, असे कोणी विचारले, तर बहुतेकजण म्हणतील, ज्यात आईबाप, भावंडे, सासूसुना असतात आणि शेवटी सगळ्यांचे जमते तो. व्याख्या वाईट नाही. परंतु सगळ्यांचे जमावयाचे असेल, तर कोणाला तरी आपला हट्ट, आपली इच्छा किंवा आपले सुख सोडावे लागते. ते कोणी सोडले, हाच प्रत्येक कौटुंबिक चित्रपटाचा खरा विषय असतो, असे मला वाटते. बाकी गाणी, विनोद, रुसवेफुगवे हा सारा त्या एका प्रश्नाभोवतीचा मांडव.

हा प्रश्न आपल्या चित्रसृष्टीच्या जन्माइतकाच जुना आहे. दादासाहेब फाळके १८९० च्या सुमारास आपल्याच बडोद्याच्या कलाभवनात शिकत होते, ही आपल्या जिल्ह्याला अभिमानाची गोष्ट. त्यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला. आपण त्याला पौराणिक चित्रपट म्हणतो. परंतु त्यात राजा, राणी आणि त्यांचा मुलगा यांचीच कथा नाही काय? शब्द दिला राजाने. त्या शब्दाची किंमत त्याच्याबरोबर तारामतीनेही चुकविली आणि लहानग्या रोहिताश्वानेही चुकविली. त्या काळी स्त्रिया पडद्यावर येण्यास राजी नव्हत्या, म्हणून तारामतीची भूमिकाही अण्णा साळुंके या पुरुष नटाने केली होती.

तेलुगू चित्रसृष्टीचा आरंभ पाहावा, तर तेथेही हाच योग. रघुपती वेंकय्या आणि त्यांचे चिरंजीव आर. प्रकाश यांनी १९२१ साली केलेला ‘भीष्मप्रतिज्ञा’ हा तेलुगू मंडळींचा पहिला मूकपट. पित्याला पुन्हा लग्न करावयाचे आहे, म्हणून तरुण पुत्र आपले राज्य आणि आपला संसार, दोन्ही सोडून देतो! त्यानंतर अकरा वर्षांनी, १९३२ मध्ये, एच. एम. रेड्डी यांनी पहिला तेलुगू बोलपट तयार केला, तो ‘भक्त प्रल्हाद’. एक पुत्र पित्याच्या इच्छेपुढे आपले सारे आयुष्य ठेवतो. दुसरा बालवयातच पित्यासमोर उभा राहून ‘नाही’ म्हणतो. एक मुका, एक बोलका! मूकपटाचा नायक भीष्म असावा आणि माणूस पडद्यावर बोलू लागताच प्रथम प्रल्हाद बोलावा, हा योगायोगच. पण मला तो फार अर्थपूर्ण वाटतो. पुढील नव्वद वर्षांतले तेलुगू कौटुंबिक चित्रपट मला या दोन घरांच्या मधल्या वाटेवर चालताना दिसतात. काही भीष्माच्या घरी मुक्काम करतात, काही प्रल्हादाच्या, आणि जे खरोखर चांगले असतात, ते तिसरे घर शोधतात.

जुन्यांपासून आरंभ करू. जुने म्हणजे सोज्ज्वळ आणि नवे म्हणजे उच्छृंखल, असे आमच्या पिढीतील पुष्कळजण समजतात. तर जुने म्हणजे बुरसटलेले आणि नवे म्हणजे सुधारलेले, असे मुलांना वाटते. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. एल. व्ही. प्रसाद यांचा १९५२ चा ‘पेळ्ळि चेसि चूडु’ पाहा. ‘लग्न करून पाहा’ असा त्या नावाचा अर्थ. आपल्या ‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ या म्हणीचीच जणू धाकटी बहीण. कबूल केलेला हुंडा मिळाला नाही, म्हणून वरपिता भर मांडवातून मुलाला उठवून घेऊन जातो. मग मुलगा वेडाचे सोंग घेतो, त्याची पत्नी परिचारिका बनून त्याच घरात शिरते, आणि दोघे मिळून त्या लोभी म्हाताऱ्याला वठणीवर आणतात. सत्तर वर्षांपूर्वीच्या या चित्रपटात सुनेला रडवून प्रेक्षकांना रडविण्याचा सोपा मार्ग उपलब्ध होताच. दिग्दर्शकाने तो घेतला नाही. त्याने माघार घ्यावयास लावली ती हुंडा मागणाऱ्याला, आणि तीही हसतखेळत.

याच प्रसादांचा १९५५ चा ‘मिस्सम्मा’ शाळेतल्या मुलांना विशेष आवडेल, कारण त्याची सारी गंमत एका शाळेभोवती आहे. शाळेला पदवीधर शिक्षक हवे आहेत, पण ते पतिपत्नी असले पाहिजेत. दोन बेकार तरुण, एक हिंदू मुलगा आणि एक ख्रिस्ती मुलगी, नवराबायको असल्याचे सोंग करून त्या नोकऱ्या मिळवितात. एन. टी. रामाराव आणि सावित्री यांची ती जोडी. रवींद्रनाथ मैत्र यांच्या एका बंगाली नाटकावरून ही कथा घेतली होती आणि पुढे १९५७ मध्ये ती ‘मिस मेरी’ या नावाने हिंदीतही आली. चित्रपट अत्यंत खेळकर आहे. तरीही त्याचा शेवट मला थोडा खटकतो. ती मुलगी मुळात जमीनदाराचीच हरवलेली कन्या निघते, आणि दोन धर्मांच्या माणसांनी एकत्र संसार करावा की नाही, हा प्रश्न न सोडविताच सुटतो. कोणालाच काही सोडावे लागले नाही, म्हणून सगळे सुखी! प्रत्यक्ष आयुष्यात असे हरवलेल्या कन्येचे कोडे ऐन वेळी मदतीला येत नाही.

१९५७ चा ‘मायाबझार’ हा के. व्ही. रेड्डी यांचा चित्रपट पौराणिक म्हणून ओळखला जातो. मी त्याला निःशंकपणे कौटुंबिक म्हणतो. बलरामाच्या मुलीची ही गोष्ट. मराठीत आपण तिला वत्सला म्हणतो, गुजराती आख्यानात ती सुरेखा होते, आणि तेलुगूत शशिरेखा. नाव कोणतेही असो, दुखणे एकच: लहानपणी अभिमन्यूला देऊ केलेली मुलगी, पांडवांचे राज्य जाताच, दुर्योधनाच्या मुलाला द्यावयाचे ठरते. श्रीमंती गेली की सोयरीक मोडते, हे कळावयास पुराण वाचावे लागत नाही. कोणत्याही गावात चार लग्ने पाहिली तरी पुरे. या चित्रपटात पांडव एकदाही पडद्यावर दिसत नाहीत, ही एक मोठी मौज. ज्यांच्या गरिबीमुळे एवढे रामायण घडले, ते अनुपस्थित; आणि घोटाळा घातला आहे तो घरातल्या कर्त्या माणसांनी. शेवटी मायेने खोटी शशिरेखा होऊन लग्नघराची फजिती करणारा घटोत्कच आमच्या मुलांना इतका आवडतो की, लाडू दिसला की ते एस. व्ही. रंगारावांचा आव आणतात.

१९६२ चा ‘गुंडम्मा कथा’ तर तेलुगू घराघरांतला. गुंडम्मा सावत्र मुलीला मोलकरणीसारखे राबविते आणि स्वतःच्या मुलीला डोक्यावर बसविते. ही भूमिका सूर्यकांतम् यांनी अशी वठविली की, त्यांच्या कजाग सासवा आणि सावत्र आया पाहून त्या नावाची धास्तीच बसली आणि लोक मुलींचे नाव सूर्यकांतम् ठेवीनासे झाले, असे सांगतात. हसून हसून पोट दुखविणारा हा चित्रपट, तरीही लाडावलेल्या धाकटीचा गर्व उतरविण्यासाठी तिचा नवरा गरिबीचे सोंग करून तिला कष्टाला जुंपतो, तेव्हा माझी मुलगी हळूच म्हणाली, “बाबा, तिला लाडावले आईने, आणि शिक्षा मात्र तिला!” मला त्यावर उत्तर सुचले नाही. मुलांना आपल्याबरोबर चित्रपट पाहू द्यावेत ते याचसाठी. आपले डोळे जेथे सवयीने पुढे सरकतात, तेथे त्यांचे थांबतात.

१९९१ हे वर्ष या दृष्टीने मोठे बोधप्रद आहे. त्या वर्षी मराठीत अलका कुबल यांचा ‘माहेरची साडी’ आला. एका राजस्थानी चित्रपटावरून केलेली ती कथा. छळ सोसणारी, सोसतच शेवटी जगाचा निरोप घेणारी सून पाहून महाराष्ट्रातील चित्रपटगृहे अक्षरशः रडली. बडोद्याकडच्या मराठी घरांनाही ते अश्रू नवे नाहीत. त्याच वर्षी तेलुगूत ‘सीतारामय्यागारि मनवरालु’ आला, म्हणजे ‘सीतारामय्यांची नात’. आपल्या इच्छेविरुद्ध लग्न केलेल्या मुलाचे तोंड आजोबांनी वर्षानुवर्षे पाहिलेले नाही. परदेशातून नात येते आणि तुटलेले सांधू पाहते. तिचे आईवडील केव्हाच वारले आहेत, हे दुःख ती म्हाताऱ्यांपासून लपवून ठेवते. आजोबांची भूमिका अक्किनेनी नागेश्वरराव यांची. आजोबा विरघळतात, परंतु ज्याच्याकरिता विरघळावयाचे, तो मुलगा उरलेला नसतो. दोन्ही चित्रपट रडवितात. पण पहिला पाहून प्रेक्षक म्हणतो, ‘बिचारी!’, आणि दुसरा पाहून घरातला एखादा हट्टी म्हातारा मुलाला पत्र लिहावयास बसेल. रडण्यारडण्यांत हा फरक आहे.

आपल्या मराठीने हे पूर्वी केले नव्हते, असेही नाही. व्ही. शांताराम यांनी ‘प्रभात’साठी १९३७ मध्येच ‘कुंकू’ केला. म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधलेली नीरा त्या लग्नाला पती मानण्याचे नाकारते, आणि अखेरीस आपला अन्याय ओळखतो तो नवरा. शांता आपटे यांचा तो ताठ मानेचा अभिनय आजही जुना वाटत नाही. म्हणजे ‘कुंकू’ आधीचा आणि ‘माहेरची साडी’ त्यानंतर चौपन्न वर्षांनी! काळ पुढे गेला म्हणून कथा आपोआप पुढे जात नाहीत, हेच यावरून सिद्ध होते.

आता नव्यांकडे वळू. २००६ चा ‘बोम्मरिल्लु’ हा मला आजवरच्या तेलुगू कौटुंबिक चित्रपटांत सर्वांत शहाणा वाटतो. यातला बाप दुष्ट नाही, आणि तीच खरी अडचण आहे. मुलाचा शर्ट कोणता, मुलाने खेळावयाचे काय, शिकावयाचे काय, लग्न कोणाशी, हे सारे तो प्रेमानेच ठरवितो. लहानपणी समुद्रकाठी चालताना धरलेला मुलाचा हात त्याने सोडलेलाच नाही. प्रल्हादाला निदान हिरण्यकश्यपूचा राग तरी करता येत होता; प्रेम करणाऱ्या बापाला ‘नाही’ कसे म्हणावे? प्रकाश राज यांनी हा बाप आणि जेनेलिया यांनी त्या घरात आठवडाभर राहावयास आलेली अवखळ मुलगी इतकी खरी केली आहे की, चित्रपट संपल्यावर आमच्या घरात बराच वेळ कोणी बोलले नाही. शेवटी मुलगा बोलतो. ओरडत नाही, अपमान करीत नाही, मनात साठलेले सारे काढून बापासमोर ठेवतो. आणि बाप ऐकतो! एवढेच नव्हे, तर पुढे मुलीच्या वडिलांचे मन वळविण्यासाठी तोच मुलगा त्यांच्या घरी आठवडाभर राहावयास जातो. परीक्षा मुलीनेच का द्यावी, मुलानेही द्यावी. हेच ते तिसरे घर, जेथे पुत्राला भीष्म व्हावे लागत नाही आणि पित्याला खांब फुटेपर्यंत वाट पाहावी लागत नाही.

२०१३ च्या संक्रांतीस आलेला ‘सीतम्मा वाकिट्लो सिरिमल्ले चेट्टु’ याची गोष्ट एवढीच की, दोन भाऊ आहेत. त्यांना नावेच नाहीत. सारे त्यांना पेद्दोडु आणि चिन्नोडु म्हणतात, म्हणजे थोरला आणि धाकटा. थोरला बेकार आणि शीघ्रकोपी, धाकटा गोडबोल्या. बाप साऱ्या जगाकडे पाहून हसणारा. घटना थोड्या, पण नोकरी नसलेल्या थोरल्या मुलाला घरातल्या प्रेमाचीसुद्धा कशी टोचणी लागते, हे त्यात फार हळुवारपणे दाखविले आहे. २०१७ च्या संक्रांतीस आलेल्या ‘शतमानं भवति’ला उत्कृष्ट लोकप्रिय चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. परदेशी गेलेली मुले घरी येत नाहीत, म्हणून म्हातारा बाप आपण घटस्फोट घेत असल्याचे कळवून त्यांना सणासाठी बोलावून घेतो, आणि हे त्याच्या पत्नीलाच ठाऊक नसते. आमच्या तालुक्यातून नोकरीधंद्यासाठी बडोद्यास, मुंबईस, समुद्रापलीकडे गेलेल्या मुलांचे आईबाप हा चित्रपट पाहून गहिवरतात, ते साहजिकच आहे. तरी मला वाटते की, येथे तराजू थोडा झुकला आहे. मुलांना बोल लावला जातो. पण गावात काम नसताना मुलांनी काय करावे, हे कोणी विचारीत नाही. आणि ज्या माउलीच्या नावाने हा सारा खटाटोप, तिला विचारण्याची गरजही कोणाला वाटत नाही.

‘विचारण्याची’ हा शब्द मी मुद्दाम वापरला. तो माझा नव्हे, आमच्या आत्याचा आहे.

आत्या सत्तरी ओलांडलेली. माझे आजोबा अकाली गेले, तेव्हा ती भावंडांत थोरली होती. शाळेत हुशार, पण शाळा सुटली आणि शिवणयंत्र आले. त्या यंत्रावर तिने माझ्या वडिलांचे आणि काकांचे शिक्षण पुरे केले. तिच्या लग्नाचा विषय दरवर्षी पुढच्या वर्षावर जात राहिला आणि मग निघेनासा झाला. आमच्या साऱ्या नात्यागोत्यांत आत्याचे नाव आदराने घेतात. लग्नमुंजींत पहिला नमस्कार तिला होतो. दोनेक वर्षांपूर्वी आम्ही सारे मिळून ‘वेड’ पाहिला. रितेश देशमुख यांचा २०२२ च्या अखेरीस आलेला हा मराठी चित्रपट म्हणजे २०१९ च्या ‘मजिली’ या तेलुगू चित्रपटाचाच मराठी अवतार, आणि ‘बोम्मरिल्लु’तल्या त्याच जेनेलिया येथे नायिका. पहिल्या प्रेमाच्या दुःखात बुडालेल्या नवऱ्याला वर्षानुवर्षे मुकाट्याने सांभाळणारी, त्याच्या डोळ्यांत आपण नाही हे जाणूनही त्याच्यावर जीव टाकणारी पत्नी, असा तो विषय. गाणी गोड, अभिनय उत्तम. शेवटी आमच्या घरातल्या बायका, आणि खरे सांगावयाचे तर पुरुषही, डोळे पुसू लागले.

आत्या मात्र मेथी निवडीत होती. तिचे डोळे कोरडे होते. ती म्हणाली, “त्या पोरीला कोणी विचारलं का रे, तुला काय हवं होतं म्हणून?”

माझा धाकटा भाऊ म्हणाला, “आत्या, तिने ते सगळं आपण होऊन केलं. कोणी सांगितलं नव्हतं तिला.”

“आपण होऊन केलं, म्हणून विचारायचं राहून जावं होय?” आत्या म्हणाली, आणि निवडलेली मेथी घेऊन आत गेली.

तिच्या स्वरात तक्रार नव्हती. पण त्या दिवसापासून माझ्या भावाची बायको रोज संध्याकाळी आत्याजवळ बसते आणि तिच्याकडून तिच्या शाळेतल्या गोष्टी काढून घेते. आत्याला गणित फार आवडे, ही गोष्ट आमच्या घराला पन्नास वर्षांनंतर अशी कळली. आता माझ्या मुलीचा गणिताचा अभ्यास आत्याच घेते. ‘वेड’ चांगला की वाईट, हे मी सांगणार नाही. परंतु नवा चित्रपट जुन्या सोसण्यालाच नवे लुगडे नेसवू शकतो, आणि त्याच चित्रपटामुळे घरात एखादा राहून गेलेला प्रश्नही विचारला जाऊ शकतो, हे मी प्रत्यक्ष पाहिले आहे.

विद्यार्थिमित्रहो, आता तुम्हांला दोन शब्द. कौटुंबिक चित्रपट पाहू नका, असे मी सांगणार नाही. उलट अवश्य पाहा, आणि घरच्यांबरोबर पाहा. फक्त पाहताना तीन गोष्टी मनात धरा. घराची घडी बसविण्यासाठी या कथेत कोणी काय सोडले? सोडणारा माणूस घरात बलवान होता की दुबळा? आणि सोडण्यापूर्वी त्याला कोणी विचारले होते काय? ज्या चित्रपटात बलवानाने ऐकले, हट्ट सोडला, तो चित्रपट तेलुगू असो वा मराठी, १९५२ चा असो वा कालचा, निःसंशय चांगला. ज्यात दुबळ्याने सारे सोडले आणि आपण टाळ्या वाजविल्या, तो कितीही गोड असला तरी त्याच्यापासून सावध राहावे.

त्यागाचे मोल मला कमी करावयाचे नाही. त्यागावाचून घर उभे राहत नाही, हे आमच्या आत्याच्या घरात राहणाऱ्याला कोणी शिकवावयास नको. परंतु त्याग हा वाटून घ्यावयाचा पदार्थ आहे, संक्रांतीच्या तिळगुळासारखा. एकाच्याच ताटात वाढावयाचा नव्हे. आमच्याकडे आता एक नियम झाला आहे. चित्रपटाच्या ऐन रंगात चहाची हुक्की आली, तर पातेले मुलांनी किंवा मी चढवावयाचे. घरातल्या बायकांनी शेवटचा प्रसंग चुकवावयाचा नाही. नियम लहानसा आहे. पण पडद्यावरचे घर पाहून आपल्या घरात तेवढा जरी बदल झाला, तरी तीन तास फुकट गेले, असे कोणत्या वडीलधाऱ्याला म्हणता येईल?